विल्यम लुईस : मैदानांतून न्यायालयाकडे

फुटबॉल म्हटल्याबरोबर आपल्याकडील माणसाच्या डोळ्यांपुढें जो खेळ येतो, त्यांत चेंडू पायानें लाथाडावयाचा असतो व त्याला हात लागला तर तो दोष मानतात. अमेरिकेंतील महाविद्यालयांत याच नांवानें जो खेळ चालतो त्याची तऱ्हाच निराळी. त्यांतील चेंडू दोन्ही टोकांना निमुळता, अंड्याच्या आकाराचा. तो पोटाशीं कवटाळून धांवत न्यावयाचा आणि धांवणाऱ्याला प्रतिपक्षानें मिठी घालून जमिनीवर आडवा करावयाचा. कुस्ती, हुतुतू आणि शर्यत या तिन्हींची कल्पनेंत एकत्र मोट बांधली, तर या खेळाचें चित्र बरेंचसें बरोबर दिसेल. मूळ खेळ इंग्लंडांतील रग्बी. तो अमेरिकेंत गेल्यावर तिकडील विद्यार्थ्यांनीं त्यांत इतके फेरफार केले कीं, मूळ घराण्याची ठळक खूण काय ती चेंडूच्या आकारांत उरली.

या खेळाला आजचें वळण लावण्याचें श्रेय बहुतांशीं येल विद्यापीठाचे वॉल्टर कॅम्प यांच्याकडे जातें. पूर्वीं चेंडू पडला कीं दोन्ही पक्षांचे गडी त्याभोंवतीं एकच घोळका करीत आणि त्या झोंबाझोंबींतून तो कोणाच्या बाजूला निसटेल याचा नेम नसे. १८८० सालीं कॅम्प यांच्या सूचनेवरून असा नियम झाला कीं, चेंडू एका वेळीं एकाच पक्षाच्या ताब्यांत असावा, दोन्ही पक्षांनीं समोरासमोर रांग धरावी आणि रांगेच्या मध्यावरील गड्यानें चेंडू मागें देऊन डाव सुरू करावा. दोन वर्षांनीं दुसरा नियम आला. तीन प्रयत्नांत पांच यार्डांची तरी मजल मारली पाहिजे, नाहींतर चेंडू प्रतिपक्षाच्या स्वाधीन. ही मजल मोजतां यावी म्हणून मैदानावर पांच पांच यार्डांच्या अंतरानें चुन्याच्या रेघा आल्या. प्रत्येक पक्षाचे गडी अकरा. त्यांतील मध्यावरचा जो गडी त्याला सेंटर म्हणतात. प्रेक्षकांच्या टाळ्या बहुधा चेंडू घेऊन पळणाऱ्यास मिळतात. सेंटरनें वांकून चेंडू मागें द्यावयाचा आणि डोकें वर काढण्यापूर्वींच समोरच्या धटिंगणाचा धक्का अंगावर झेलावयाचा. मात्र त्याचा हात एकदां चुकला कीं साऱ्या डावाचा विचका झाला म्हणून समजावें.

या बिनटाळ्यांच्या जागेवर खेळून ज्यांनीं अमेरिकाभर नांव मिळविलें, त्या विल्यम हेन्री लुईस यांचें चरित्र हा या भाषणाचा विषय आहे. १८९२ व १८९३ या दोन्ही वर्षीं देशांतील सर्वोत्तम अकरा गड्यांची जी निवड जाहीर झाली, तींत सेंटरची जागा लुईस यांना मिळाली. त्या मानाच्या यादींत आलेले ते पहिले कृष्णवर्णी खेळाडू. त्यांचे आईबाप दोघेही एके काळीं गुलाम होते, एवढें सांगितलें म्हणजे या निवडीचें मोल ध्यानांत येईल.

लुईस यांचा जन्म २८ नोव्हेंबर १८६८ रोजीं व्हर्जिनिया राज्यांतील बर्कली या गांवीं झाला. उत्तर व दक्षिण यांमधील यादवी युद्ध संपून त्या वेळीं तीनच वर्षें झालीं होतीं. गुलामगिरी कायद्यानें गेली होती. पण मोकळ्या झालेल्या माणसानें शिकावें कोठें, मत द्यावें कीं नाहीं, गाडींत कोणत्या डब्यांत बसावें, हे सारे प्रश्न उघडेच होते, आणि दक्षिणेंत त्यांचीं उत्तरें पुढें दिवसेंदिवस अधिक कठोर होत गेलीं. लुईस यांचे वडील बॅप्टिस्ट पंथाचे धर्मोपदेशक होते. मुलानें शिकावें ही आकांक्षा त्या घरांत होती. पीटर्सबर्ग येथें कृष्णवर्णी विद्यार्थ्यांसाठीं राज्यानें एक विद्यालय नुकतेंच काढलें होतें, तेथें त्यांचें आरंभींचें शिक्षण झालें. विद्यालयाचे प्रमुख जॉन मर्सर लँग्स्टन हे स्वतः कायदेपंडित होते, हैतीमध्यें त्यांनीं अमेरिकेचे वकील म्हणून काम केलें होतें, आणि व्हर्जिनियांतून काँग्रेसमध्यें बसण्याचा मान मिळविणारे ते पुढें पहिले कृष्णवर्णी ठरले. या चाणाक्ष गुरूच्या साहाय्यानें लुईस १८८८ सालीं उत्तरेकडील मॅसॅच्युसेट्स राज्यांत ॲमहर्स्ट कॉलेजांत दाखल झाले.

ॲमहर्स्ट हें लहानसें पण नांवाजलेलें कॉलेज. तेथें लुईस यांच्या बरोबरीनें दुसरे एक कृष्णवर्णी विद्यार्थी होते, विल्यम जॅक्सन. दोघेही कॉलेजच्या फुटबॉल संघांत शिरले. लुईस रांगेच्या मध्यावर, जॅक्सन मागल्या फळींत. १८९१ सालीं लुईस संघाचे कर्णधार झाले. त्या काळीं कर्णधारपद म्हणजे नुसता मान नसे. पगारी शिक्षक ठेवण्याची चाल अजून रूढ झाली नव्हती. संघाचा सराव कसा घ्यावा, कोणाला कोठें उभें करावें, सामन्यांत कोणता डाव टाकावा, हें बहुतेक सारें कर्णधारच पाही. आणि त्याला निवडीत खेळाडूच. म्हणजे गोऱ्या तरुणांनीं आपण होऊन एका काळ्या तरुणाच्या हुकुमांत राहण्याचें मान्य केलें होतें. आज हें वाक्य सहज लिहिलें जातें. १८९१ सालच्या अमेरिकेंत तें सहज घडण्यासारखें नव्हतें.

खेळाबरोबर वक्तृत्वांतही त्यांनीं बक्षिसें मिळविलीं, आणि १८९२ च्या पदवीदानाच्या वेळीं वर्गाचा वक्ता म्हणून त्यांचीच निवड झाली. त्या समारंभाला हार्वर्डहून एक तरुण मुद्दाम आले होते. डब्ल्यू. ई. बी. ड्यूबॉइस हें त्यांचें नांव. कृष्णवर्णी समाजाच्या हक्कांचे मोठे पुरस्कर्ते व समाजशास्त्रज्ञ म्हणून ते पुढें जगप्रसिद्ध झाले. लुईस आणि जॅक्सन यांच्याखेरीज त्याच वर्गांत जॉर्ज फोर्ब्स नांवाचे तिसरे एक कृष्णवर्णी पदवीधर होते. त्या वेळीं एका गटांत उभ्या असलेल्या या मित्रांच्या वाटा अकरा वर्षांनीं कशा फुटल्या, तें पुढें येईलच. जॅक्सन मात्र शिक्षक झाले व वॉशिंग्टन शहरांतील एका नामांकित विद्यालयाच्या मुख्याध्यापकपदापर्यंत पोंचले.

ॲमहर्स्टनंतर लुईस हार्वर्डच्या कायदेशाळेंत गेले. पदवी घेतलेल्या विद्यार्थ्यानें पुन्हां महाविद्यालयाच्या संघांत खेळूं नये हा निर्बंध तेव्हां अजून आला नव्हता; त्यामुळें कायद्याचा अभ्यास करीत असतांना ते हार्वर्डतर्फे आणखी दोन हंगाम खेळले. हार्वर्ड व येल यांचा सामना म्हणजे त्या देशांतील हिंवाळ्याच्या आरंभींची मोठी जत्राच. अशा संघांत सेंटरच्या जागीं उभे राहणाऱ्या लुईस यांचें वजन सुमारें पावणेदोनशें पौंड होतें. सामान्य माणसाच्या मानानें तें चांगलें भक्कम. पण दोनशें पौंडांवरचे गडी ज्या रांगेंत उभे राहतात तेथें हलकेंच. ही उणीव त्यांनीं चपळाईनें आणि डोक्यानें भरून काढली. समोरचा गडी कोणत्या पायावर भार देतो, त्याचे डोळे कोणीकडे जातात, यावरून डाव कोणत्या बाजूला फुटणार हें आधीं ओळखणें ही बचावाची विद्या आहे, आणि तींत त्यांचा हात धरणारा विरळा.

त्या वेळचा खेळ किती दांडगा होता याची एक गोष्ट सांगण्यासारखी आहे. १८९२ च्या नोव्हेंबरांत हार्वर्डच्या संघानें येलविरुद्ध एक नवा व्यूह काढला. तो रचणारे लॉरिन डीलँड हे गृहस्थ स्वतः फुटबॉल कधीं खेळलेच नव्हते. बुद्धिबळाचे शौकीन होते, आणि लष्करी डावपेंचांचा त्यांनीं अभ्यास केला होता. गड्यांच्या दोन तुकड्या दूरवरून भरधांव धांवत येत, पाचरीच्या आकारांत एकमेकींस मिळत, आणि चेंडूवाल्याला पोटांत घेऊन ती पाचर उभ्या असलेल्या प्रतिपक्षावर आदळे. हार्वर्ड तो सामना ६ विरुद्ध ० असा हरलेंच. परंतु व्यूहाची कल्पना साऱ्या देशभर पसरली आणि त्याबरोबर मोडलेल्या हाडांची संख्याही वाढली. अवघ्या दोन वर्षांत, १८९४ मध्यें, हा व्यूह नियमानें बंद करावा लागला. हातांत ढाल नाहीं, डोक्यावर टोप नाहीं, आणि अंगावर पांच-सहा जणांची धांवती भिंत, असा तो प्रकार होता.

असे धक्के खाणाऱ्या व देणाऱ्या या खेळाडूला खरा धक्का मैदानाबाहेर बसला, आणि तो एका न्हाव्याच्या दुकानांत. १८९३ सालची गोष्ट. हार्वर्ड ज्या केंब्रिज शहरांत आहे तेथील एका केशकर्तनालयांत लुईस गेले असतां, त्यांच्या वर्णामुळें त्यांचे केंस कापण्याचें दुकानदारानें नाकारलें. शहर विद्येचें माहेरघर, राज्य गुलामगिरीविरुद्धच्या चळवळीचें अग्रणी, आणि गिऱ्हाईक म्हणजे ज्याचें नांव वृत्तपत्रांत गाजत होतें असा विद्यापीठाचा खेळाडू! मैदानावर हजारों लोक ज्याच्या नांवाचा गजर करीत त्याला त्याच गांवांत खुर्चीवर बसावयास जागा नाहीं.

एखादा संतापी तरुण दुकानदाराच्या अंगावर धांवून गेला असता. तेवढें बळ लुईस यांच्या अंगीं खासच होतें. मुकाट्यानें परत फिरणारेही पुष्कळ असतात. लुईस कायद्याचे विद्यार्थी होते, आणि त्यांनीं कायद्याचें पुस्तक उघडलें. सार्वजनिक ठिकाणीं वर्णावरून मज्जाव करूं नये असा कायदा करणारें मॅसॅच्युसेट्स हें अमेरिकेंतील पहिलें राज्य. तो कायदा १८६५ सालचा. मात्र कायद्यांत ज्या ज्या स्थळांचा उल्लेख असेल तेवढ्यांनाच तो लागू, असा अर्थ करण्यास वाव होता, आणि केशकर्तनालयाचें नांव त्यांत नव्हतें. लुईस व बॉस्टनमधील कृष्णवर्णी वकील बटलर विल्सन यांनीं हें वैगुण्य राज्याच्या विधिमंडळापुढें मांडलें, आणि त्याच वर्षीं कायद्यांत दुरुस्ती होऊन केशकर्तनालयेंही त्याच्या कक्षेंत आलीं. कायद्याची पदवीही न घेतलेल्या विद्यार्थ्यानें राज्याच्या कायद्यांत एक शब्द घालून घेतला! सर्वोत्तम अकरांतील निवडीपेक्षां हा विजय मोठा मानला तर त्यांत अतिशयोक्ति नाहीं. निवडीचा मान त्यांच्या एकट्याचा होता. या शब्दाचा उपयोग केंब्रिजमधील मजूर, आचारी, गाडीवान अशा हरएक काळ्या माणसास होणार होता.

त्याच वर्षाच्या अखेरीस हंगामांतील शेवटचा सामना पेनसिल्व्हेनिया विद्यापीठाशीं होता. हार्वर्डच्या कर्णधारास दुखापतीमुळें खेळतां येईना. तेव्हां गड्यांनीं मत घेऊन त्या दिवसापुरतें नेतृत्व लुईस यांच्याकडे दिलें. हार्वर्डनें तो सामना जिंकला. खेळाडू म्हणून लुईस यांच्या कारकीर्दीचा शेवट हा असा झाला.

१८९५ मध्यें ते कायद्याचे पदवीधर झाले आणि त्याच वर्षापासून हार्वर्डच्या संघाचे एक शिक्षक म्हणून काम पाहूं लागले. १८९६ सालीं एलिझाबेथ बेकर या वेलस्ली कॉलेजांत शिकलेल्या युवतीशीं त्यांचा विवाह झाला, व केंब्रिज येथें त्यांनीं संसार थाटला. दिवसा वकिली आणि शरद ऋतूंत सायंकाळीं मैदान, असा हा क्रम १९०६ पर्यंत, म्हणजे बारा हंगाम चालला. बचावाची आंखणी हा त्यांचा खास प्रांत. त्या काळीं पेनसिल्व्हेनियाचे शिक्षक जॉर्ज वुड्रफ यांनीं आपल्या रांगेंतील दोन दांडगे गडी मागें खेंचून चेंडूवाल्याच्या पुढें त्यांचा मोर्चा लावण्याची युक्ति काढली होती, आणि तिच्या जोरावर त्यांचा संघ बरींच वर्षें जवळजवळ अजिंक्य होऊन बसला होता. १८९८ सालीं हार्वर्डनें त्या संघाला १० विरुद्ध ० असें हरविलें, येलला १७ विरुद्ध ० असें हरविलें, आणि सबंध हंगामांत एकही सामना गमावला नाहीं. लुईस यांच्या या बारा वर्षांत हार्वर्डनें ११४ सामने जिंकले, १५ गमावले आणि ५ बरोबरीनें सोडविले. अर्थात् हें यश एकट्याचें नव्हे. प्रमुख शिक्षक अनेक झाले, वरचेवर बदललेही. परंतु ज्ञानाचा धागा तुटूं न देणारा माणूस एक होता.

हेंच ज्ञान त्यांनीं १८९६ मध्यें पुस्तकरूपानें मांडलें. न्यूयॉर्कच्या हार्पर आणि बंधु यांनीं प्रसिद्ध केलेली ही महाविद्यालयीन फुटबॉलची बाळपोथी आहे. तींत पराक्रमाच्या आठवणी नाहींत. पडलेल्या चेंडूवर अंग कसें टाकावें, लाथ कशी मारावी, रांगेंत खिंडार कसें पाडावें, धांवत्या गड्यास कसें धरावें, प्रत्येक जागेवरील गड्याचें कर्तव्य कोणतें, संघानें हल्ला व बचाव कसा करावा, असा अगदीं ओनाम्यापासून विषय घेतला आहे. मोठ्या शिक्षकांना मोठे डाव शिकविण्याची हौस असते. पहिल्या पायरीवर थांबण्याची सबुरी थोड्यांच्याच अंगीं दिसते.

१९०५ सालीं या खेळाच्या अस्तित्वावरच संकट आलें. त्या एका हंगामांत अठरा तरुण दगावल्याचें वृत्तपत्रांनीं प्रसिद्ध केलें. हार्वर्डचे अध्यक्ष चार्ल्स एलियट यांना तर हा खेळ विद्यापीठांतून हद्दपार व्हावा असेंच वाटे. राष्ट्राध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट हे स्वतः हार्वर्डचे जुने विद्यार्थी व मर्दानी खेळांचे कैवारी; त्यांनीं हार्वर्ड, येल व प्रिन्स्टन यांच्या प्रतिनिधींना बोलावून खेळ सुधारण्याची तंबी दिली. १९०६ मध्यें नियम बदलले. चेंडू पुढें फेंकण्यास परवानगी मिळाली, पांचांऐवजीं दहा यार्डांची मजल ठरली, दोन्ही रांगांमध्यें चेंडूच्या लांबीइतकी मोकळी पट्टी आली. जुना रेटारेटीचा खेळ संपून नवा सुरू झाला. लुईस यांचें मैदानावरील काम याच सालीं थांबलें.

तोंपर्यंत त्यांचें दुसरें आयुष्य बरेंच पुढें गेलें होतें. १८९९ पासून तीन वर्षें ते केंब्रिज नगरसभेचे सभासद होते, व त्यानंतर एका वर्षापुरते राज्याच्या प्रतिनिधिगृहांत बसले. १९०३ मध्यें बॉस्टन येथें केंद्र सरकारचे साहाय्यक वकील म्हणून रूझवेल्ट यांनीं त्यांची नेमणूक केली. या नेमणुकीमागें हार्वर्डचें नातें होतें, तसा बुकर टी. वॉशिंग्टन यांचा शब्दही होता. वॉशिंग्टन यांचें नांव मराठी वाचकांस परिचित आहे. त्यांचें आत्मचरित्र आपल्या भाषेंतही आलें आहे. कृष्णवर्णी समाजानें राजकीय हक्कांचा आग्रह तूर्त बाजूला ठेवून आधीं हातांत कसब आणि गांठीला पैसा जमवावा, हा त्यांचा उपदेश. लुईस आरंभीं या उपदेशाचे टीकाकार होते. पुढें त्यांचा वॉशिंग्टन यांच्याशीं सलोखा झाला. सरकारी पदाचा दरवाजा त्या बाजूनें उघडत होता हें त्याचें एक उघड कारण.

हा बदल त्यांच्या जुन्या स्नेह्यांना रुचला नाहीं. बॉस्टनमध्यें ‘गार्डियन’ नांवाचें एक जहाल पत्र निघत असे. त्याचे संपादक विल्यम मन्रो ट्रॉटर हे हार्वर्डचे पदवीधर, आणि त्यांचे सहकारी म्हणजे ॲमहर्स्टचे तेच जॉर्ज फोर्ब्स. ३० जुलै १९०३ रोजीं बॉस्टनमधील एका प्रार्थनामंदिरांत वॉशिंग्टन यांचें व्याख्यान ठरलें. अध्यक्षस्थानीं लुईस होते. वॉशिंग्टन यांचें नांव निघतांच सभेंत फूत्कार सुरू झाले, कोणीं तिखटाची पूड उधळली, वक्ते व श्रोते ठसकूं लागले. ट्रॉटर बांकावर उभे राहून, मतदानाच्या हक्काचें काय, असे अडचणींत टाकणारे प्रश्न वाचूं लागले. अखेर पोलीस आले आणि ट्रॉटर पकडले गेले. त्यांना तीस दिवसांची शिक्षा झाली. अकरा वर्षांपूर्वीं ॲमहर्स्टच्या हिरवळीवर ज्यांच्या पदव्यांचा आनंद एकत्र साजरा झाला होता, त्यांपैकीं एक व्यासपीठावर होता आणि दुसऱ्याचें पत्र व्यासपीठाविरुद्ध होतें.

लुईस यांचें चुकलें काय? याचें उत्तर सोपें नाहीं, आणि त्यांच्या चरित्रकारानें तें सोपें करूंही नये. ट्रॉटर तुरुंगांत गेले म्हणून ते अधिक सच्चे, असें म्हणण्याचा मोह होतो. परंतु काळ्या माणसाला सरकारच्या वतीनें न्यायालयांत उभें राहतां येतें, हें दाखवून देणारा कोणीतरी लागतो. आणि ती जागा सरकारशीं भांडून मिळत नाहीं. त्या जागेची किंमत मात्र भरावी लागते. १९०६ सालीं टेक्सासमधील ब्राउन्सव्हिल गांवीं गोळीबार झाला, आणि रूझवेल्ट यांनीं चौकशीचा खटला न चालवितां १६७ कृष्णवर्णी सैनिकांना पलटणींतून काढून टाकलें. तें काळ्या समाजाच्या मनांत खोल सललें. ते सैनिक निर्दोष होते हें सरकारनें मान्य केलें तें १९७२ सालीं. लुईस यांनीं त्या वेळीं सरकारी पद सोडलें नाहीं. हा डाग म्हणावा कीं नाहीं हें ज्यानें त्यानें ठरवावें. पण तें सांगितल्यावांचून पुढील मोठ्या नेमणुकीची गोष्ट सांगणें प्रामाणिकपणाचें होणार नाहीं.

ती नेमणूक राष्ट्राध्यक्ष टॅफ्ट यांनीं केली. १९१० च्या अखेरीस लुईस यांचें नांव अमेरिकेच्या साहाय्यक ॲटर्नी जनरलच्या जागेसाठीं पुढें आलें. तोंपर्यंत केंद्र सरकारच्या कार्यकारी शाखेंत इतकें वरचें पद कोणाही कृष्णवर्णी माणसास नेमणुकीनें मिळालें नव्हतें. दक्षिणेकडील सेनेटरांनीं कुरकूर केली, महिने गेले, आणि १९११ च्या जून महिन्यांत सेनेटनें संमति दिली. गुलामांचा मुलगा अमेरिकन सरकारच्या न्यायखात्यांत वरिष्ठ अधिकारी झाला.

आतां सारे दरवाजे उघडले असतील असें वाटतें. पण न्हाव्याच्या दुकानाची पुनरावृत्ति व्हावयाचीच होती, आणि ती वकिलांच्या दरबारांत. अमेरिकन बार असोसिएशन ही त्या देशांतील वकिलांची मोठी संस्था. १९११ मध्यें लुईस तिचे सभासद झाले. त्यांच्याबरोबर केशकर्तनालयाच्या प्रकरणांतील त्यांचे जुने साथीदार बटलर विल्सन आणि विल्यम मॉरिस असे दोन कृष्णवर्णी वकीलही आले. लुईस काळे आहेत हें कार्यकारी मंडळास कळलें तेव्हां १९१२ च्या जानेवारींत मंडळानें त्यांची निवड रद्द केली! लुईस यांनीं राजीनामा देण्याचें साफ नाकारलें. त्यांचे वरिष्ठ, ॲटर्नी जनरल जॉर्ज विकरशॅम हे गोरे गृहस्थ, त्यांच्या पाठीशीं उभे राहिले व संस्थेच्या सुमारें ४,७०० सभासदांस त्यांनीं पत्र लिहून या अन्यायाचा निषेध केला.

त्या वर्षीं मिल्वॉकी शहरीं वार्षिक अधिवेशन भरलें, व तेथें तडजोड निघाली. ती कशी, तर या तिघांचें सभासदत्व कायम राहावें. मात्र पुढें ज्याचा अर्ज येईल त्याचा वर्ण अर्जांत लिहिलेला असावा. तिघांना आंत ठेवून पाठीमागून येणाऱ्यांसाठीं दाराला कडी लावण्याचा हा प्रकार. एका माणसाचा मान राखला जातो आणि त्याच्या समाजाचा मार्ग त्याच ठरावानें अडतो, हें लुईस यांच्या वांट्यास आलेलें सर्वांत कडू यश म्हटलें पाहिजे. हें कलम निष्फळ ठरविणारा ठराव त्या संस्थेनें केला तो १९४३ सालीं. तेव्हां लुईस पंचाहत्तरीच्या घरांत होते.

१९१३ मध्यें विल्सन राष्ट्राध्यक्ष झाले. त्यांच्या राजवटींत सरकारी कचेऱ्यांतून काळ्या व गोऱ्या कारकुनांचीं मेजें वेगळीं होऊं लागलीं. लुईस यांच्यासारख्या माणसास तेथें जागा कोठून असणार? ते बॉस्टनला परतले आणि खाजगी वकिली करूं लागले. फौजदारी खटल्यांतील कसलेले वकील म्हणून त्यांचा लौकिक झाला. १९१५ सालीं ‘बर्थ ऑफ ए नेशन’ हा चित्रपट बॉस्टनमध्यें आला. त्यांत काळ्या माणसाला हिंस्र पशूसारखा दाखवून त्याच्यावर जुलूम करणाऱ्या गुप्त मंडळीचा गौरव केलेला होता. त्याविरुद्ध जो निषेध झाला त्यांत एका बाजूला ट्रॉटर होते आणि त्यांच्याबरोबर लुईसही होते. बारा वर्षांपूर्वीं ज्यांच्यामध्यें पोलीस उभे होते, ते दोघे या वेळीं एका रांगेंत आले.

वकिली त्यांनीं अखेरपर्यंत सोडली नाहीं. १९४१ मध्यें मॅसॅच्युसेट्सच्या विधिमंडळापुढें गव्हर्नरच्या मंडळांतील एक सभासद डॅनियल कोकली यांच्यावर महाभियोग चालला, तेव्हां आरोपीचा बचाव करण्यास जे उभे राहिले ते बहात्तर वर्षांचे विल्यम लुईस. १ जानेवारी १९४९ रोजीं बॉस्टन येथें ते वारले. वय ऐंशी होतें. महाविद्यालयीन फुटबॉलच्या सन्मानमंदिरांत त्यांच्या नांवाचा समावेश झाला तो त्यानंतर साठ वर्षांनीं, २००९ सालीं.